लिनक्सवर रोजच्या कामाची सॉफ्टवेअर निवडताना

लिनक्सवर नव्याने आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'अमक्या सॉफ्टवेअरला इथे पर्याय काय?' हा. उत्तरादाखल त्याला पंधरा नावांची यादी मिळते. तो ती सगळी बसवतो, प्रत्येक एकेकदा उघडून बघतो आणि महिन्याभरात जुन्या सिस्टमकडे परततो. यात सॉफ्टवेअरचा दोष क्वचितच असतो. काम अडतं ते फाईलपाशी: समोरच्याने पाठवलेला मजकूर पानभर सरकतो, पीडीएफ फॉर्म भरता येत नाही, जुनी मेल सापडत नाही. म्हणून निवडीची सुरुवात फायलींपासून करावी, नावांकडे नंतर वळावं.

आधी फायलींचा हिशेब

जुन्या संगणकावरचं कागदपत्रांचं फोल्डर उघडा, फायली प्रकारानुसार लावा आणि कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात फाईलचा प्रकार: डीओसीएक्स, एक्सएलएसएक्स, पीडीएफ, पीएसडी, जे असेल ते. दुसऱ्यात गेल्या वर्षभरात त्या प्रकारच्या साधारण किती फायली उघडल्या. तिसऱ्यात ती फाईल आणखी कोण उघडतं.

निर्णय होतो तो तिसऱ्या रकान्यावर. फाईल फक्त तुमचीच असेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या आणि फाईल खुल्या फॉरमॅटमध्ये बदलून टाका. लोक तुम्हाला पाठवतात आणि तुम्ही फक्त वाचता, अशी असेल तर ती नीट दाखवणारं काहीही चालेल. पण जी फाईल तुमच्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून पुन्हा तुमच्याकडे फिरते, तिथे पानाची मांडणी तंतोतंत टिकायला हवी. सगळी तपासणी या तिसऱ्या गटासाठी राखून ठेवा. बहुतेकांच्या बाबतीत हा गट दोन-तीन प्रकारांपुरताच निघतो.

दुसरं काम ऑपरेटिंग सिस्टम बदलण्याआधीचं. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड, व्हीएलसी, गिंप, इंकस्केप, कीपासएक्ससी ही सगळी विंडोज आणि मॅकवरही चालतात. आहे त्याच संगणकावर ती बसवा आणि दोन आठवडे खरं काम त्यांच्यातच करा. काही अडलं तर जुनं सॉफ्टवेअर शेजारीच असतं. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या की अडचण लिनक्सची आहे की नव्या सॉफ्टवेअरची, हे कळेनासं होतं.

सॉफ्टवेअर आणायचं कुठून

कुठलं सॉफ्टवेअर, याइतकंच ते कुठून घेतलं याला महत्त्व आहे. नवख्यांच्या तक्रारी या बाबतीत सर्वांत जास्त असतात, त्यामुळे इथे थोडं थांबू.

पहिली जागा म्हणजे डिस्ट्रोची (तुम्ही घेतलेल्या लिनक्सच्या प्रकाराची) स्वतःची रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअरचं भांडार. डेबियन, उबंटू, फेडोरा, मिंट, ओपनसुसे या प्रत्येकाकडे हजारो पॅकेजं तपासून ठेवलेली असतात आणि सिस्टमच्या अपडेटबरोबर तीही अपडेट होतात. ही पॅकेजं सिस्टममधल्या सामायिक लायब्ररी (अनेक सॉफ्टवेअरना लागणारे तयार भाग) वापरतात, म्हणून आकाराने लहान असतात आणि थीम, फॉन्ट, प्रिंटर यांच्याशी नीट जुळतात. एक मर्यादा लक्षात ठेवायची: डेबियनची स्थिर आवृत्ती किंवा उबंटूची एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती घेतली, तर त्यातल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती प्रकाशनाच्या वेळी गोठते. पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, नव्या सोयी येत नाहीत. फाईल मॅनेजर, कॅल्क्युलेटर, फायली आवळण्याचं साधन यांना हे उत्तम. वेगाने बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला ते जाचतं.

अशा वेळी फ्लॅटपॅक घ्यावं, म्हणजे कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज. त्याचं मोठं भांडार म्हणजे फ्लॅटहब. मिंटमध्ये ते आधीपासून जोडलेलं असतं, फेडोरात बाहेरच्या रिपॉझिटरींना परवानगी दिली की दिसू लागतं, उबंटूत स्वतः जोडावं लागतं. इथे सॉफ्टवेअर आपल्या लायब्ररी 'रनटाइम' नावाच्या गठ्ठ्यातून घेतं. म्हणून पहिलं छोटंसं सॉफ्टवेअर बसवतानाही काहीशे मेगाबाइट उतरतात. घाबरू नका, तोच रनटाइम पुढची सॉफ्टवेअरही वापरतात. मात्र जुने रनटाइम पडून राहतात. फ्लॅटपॅकच्या 'अनइन्स्टॉल' आज्ञेला 'अनयूज्ड' हा पर्याय जोडून दोन-तीन महिन्यांनी एकदा साफसफाई करावी.

फ्लॅटपॅकचं सॉफ्टवेअर कुंपणात चालतं. त्याला तुमचं अख्खं होम फोल्डर दिसेलच असं नाही. बाहेरून लावलेल्या डिस्कवरची फाईल 'सापडत नाही' असं ते म्हणालं, तर फाईल शाबूत असते, परवानगी तेवढी नसते. फ्लॅटसील हे छोटं साधन बसवा, त्यात त्या सॉफ्टवेअरचं नाव निवडा, फाईलसिस्टम या भागात हवं तेवढंच फोल्डर जोडा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. सगळी डिस्क खुली करून देणं सोपं वाटतं, पण मग कुंपणाचा उपयोगच राहत नाही. फ्लॅटहबवर नावाशेजारी 'व्हेरिफाइड' खूण आहे का तेही पाहा. ती असली की पॅकेज मूळ निर्मात्यांनीच दिलेलं किंवा मान्य केलेलं असतं. मिंटने २०२४ च्या २२व्या आवृत्तीपासून अशी खूण नसलेली फ्लॅटपॅक मुळात दाखवणंच बंद ठेवलं आहे. बँक, मेल, पासवर्ड यांच्याशी संबंधित सॉफ्टवेअरसाठी हा नियम प्रत्येकाने पाळावा.

स्नॅप ही अशाच पॅकेजांची उबंटूची पद्धत. २२.०४ या आवृत्तीपासून उबंटूत फायरफॉक्सचं नेहमीचं पॅकेज मागितलं तरी स्नॅपच बसतं. ते दिवसातून चार वेळा अपडेट तपासतं आणि आपणहून बसवतं. यंत्र जुनं असेल, डिस्क जुन्या प्रकारची, फिरत्या तबकडीची असेल, तर पहिल्यांदा उघडायला लागणारा वेळ जाणवतो. एसएसडीवर तितकासा नाही.

अ‍ॅपइमेज म्हणजे एकच फाईल: उतरवायची, फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रोग्रॅम म्हणून चालवू द्या' वर खूण करायची आणि दोनदा टिचकी मारायची. कधीमधी लागणाऱ्या सॉफ्टवेअरला छान. पण बहुतेक अ‍ॅपइमेज स्वतःहून अपडेट होत नाहीत, म्हणून ब्राउझर किंवा मेल अशा मार्गाने घेऊ नये. टिचकी मारून काहीच घडलं नाही, तर कारण बहुधा फ्यूज या लायब्ररीची जुनी दुसरी आवृत्ती सिस्टममध्ये नसणं हे असतं. उबंटूने ती २२.०४ पासून सोबत देणं थांबवलं. रिपॉझिटरीतून 'लिबफ्यूज-२' बसवली की फाईल चालते.

उरतो शेवटचा मार्ग: कुठल्या तरी पानावरची लांबलचक आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवून, पासवर्ड देऊन चालवायची. रोजच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. त्या आज्ञेला संपूर्ण यंत्राचा ताबा मिळतो आणि तिने काय कुठे टाकलं याची नोंद पॅकेज मॅनेजरकडे राहत नाही. उबंटूतल्या पीपीएंचंही (बाहेरच्यांनी चालवलेल्या रिपॉझिटरींचंही) काहीसं तसंच. पाच-सहा पीपीए जोडलेलं यंत्र पुढच्या आवृत्तीवर नेताना तिथेच अडकतं.

एकच सॉफ्टवेअर दोन ठिकाणांहून बसवू नका. मेनूत दोन सारख्या खुणा दिसतात आणि प्रत्येकीची सेटिंग्ज वेगळ्या जागी राहतात. फ्लॅटपॅक आपली माहिती होम फोल्डरातल्या टिंबाने सुरू होणाऱ्या 'वार' फोल्डरात ठेवतं, स्नॅप 'स्नॅप' नावाच्या फोल्डरात, आणि नेहमीचं पॅकेज तिसरीकडेच. 'माझे बुकमार्क गेले' ही तक्रार बरेचदा इथून निघते. कंट्रोल आणि एच दाबून लपलेली फोल्डरं दाखवा, बुकमार्क जुन्या जागी जसेच्या तसे सापडतील.

ऑफिस: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

लिब्रेऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालं आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ते सांभाळतं. वर्षातून दोनदा नवी आवृत्ती येते. २०२४ पासून आवृत्तीचा क्रमांक वर्ष आणि महिन्यावरून ठरतो. ओपनऑफिस हे नाव अजून पुष्कळांच्या ओळखीचं आहे आणि ते उतरवताही येतं, पण त्याची ४.१ ही मोठी आवृत्ती २०१४ ची आहे, त्यानंतर फक्त किरकोळ दुरुस्त्या आल्या. आज नव्याने निवडायचं असेल तर लिब्रेऑफिसच घ्या.

दुसऱ्याने पाठवलेली डीओसीएक्स फाईल उघडली आणि बारा पानांची तेरा झाली, तर पहिला संशय फॉन्टवर घ्यावा. मूळ फाईल कॅलिब्री किंवा कँब्रियात असते, ते फॉन्ट तुमच्याकडे नसतात, लिब्रेऑफिस जवळचा दुसरा फॉन्ट लावतं आणि अक्षरांची रुंदी बदलल्याने ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. ओळखायची खूण सोपी आहे: मजकुरावर कर्सर ठेवला असता वरच्या पट्टीतलं फॉन्टचं नाव तिरप्या अक्षरात दिसलं, तर तो फॉन्ट यंत्रात नाही. उपाय म्हणजे कार्लिटो आणि कॅलाडिया हे दोन फॉन्ट रिपॉझिटरीतून बसवणं. कार्लिटोच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीएवढीच ठेवलेली आहे, कॅलाडियाची कँब्रियाएवढी. एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कुरियर न्यू यांच्या जागी लिबरेशन फॉन्ट तेच काम करतात, आणि ते बहुतेक डिस्ट्रोंत आधीच असतात. एवढ्याने निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात.

तरी मांडणी हलत असेल तर ओन्लीऑफिस तपासा. ते डीओसीएक्स आणि एक्सएलएसएक्स हेच मूळ फॉरमॅट मानून काम करतं, म्हणून कोष्टकं, चौकटी, शेरे बहुधा अधिक जागच्या जागी राहतात. दोन्ही एका यंत्रावर सुखाने नांदतात. फिरत्या फायली ओन्लीऑफिसमध्ये आणि स्वतःचं लेखन लिब्रेऑफिसमध्ये, ही वाटणी आम्हाला सर्वांत व्यवहार्य वाटते. मात्र ओन्लीऑफिसवर देवनागरीचं काम सोपवण्याआधी जोडाक्षरांनी भरलेलं एक पान त्यात उघडून, छापून बघावं.

चाचणीसाठी कोरी फाईल घेऊन काही कळत नाही. आपल्याकडची सर्वांत किचकट फाईल घ्या: तळटिपा, अनुक्रमणिका, विलीन केलेले चौकोन, शेरे आणि बदलांची नोंद असलेली. ती उघडा, दोन ओळी बदला, डीओसीएक्स म्हणूनच जतन करा आणि समोरच्याला पाठवून त्याच्याकडे कशी दिसते ते विचारा. फाईल फिरती असेल तोवर तिचा फॉरमॅट बदलू नका. ओडीटीत (लिब्रेऑफिसच्या मूळ फॉरमॅटमध्ये) नेऊन पुन्हा डीओसीएक्स, असे फेरे झाले की प्रत्येक फेऱ्यात थोडं काही गळतं. फक्त वाचायला द्यायची असेल तर पीडीएफ द्या. लिब्रेऑफिसच्या पीडीएफ निर्यातीत 'हायब्रिड पीडीएफ' नावाची खूण आहे. ती लावली तर वाचणाऱ्याला साधी पीडीएफ दिसते आणि तुम्हाला तीच फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडून पुन्हा संपादित करता येते.

तक्त्यांच्या बाबतीत कॅल्क सूत्रं, गाळण्या, पिव्हट कोष्टकं सांभाळून घेतं. एक्सेलइतक्याच १०,४८,५७६ ओळी त्यातही मावतात. अडतं दोन ठिकाणी: व्हीबीएमधले मॅक्रो काही चालतात, काही नाही, आणि पॉवर क्वेरी कॅल्कमध्ये नाहीच. तुमचं रोजचं काम यांवर उभं असेल तर पर्याय शोधण्यात वेळ दवडू नका, शेवटी दिलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या (लिनक्सच्या आत विंडोज चालवण्याच्या) मार्गाने जा.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी

लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या विभागात जनरल इथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा आणि त्याची भाषा मराठी निवडा. हिंदी ठेवली तरी मजकूर उमटतो, पण ज्या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात तिथे ते वळण भाषेवरूनच ठरतं. मग एफ-११ दाबून शैलींची खिडकी उघडा, 'डिफॉल्ट पॅराग्राफ' वर उजवी टिचकी मारून संपादन करा. फॉन्टच्या पानावर पाश्चात्त्य लिपीसाठी वेगळा भाग आणि कॉम्प्लेक्स लिपीसाठी वेगळा भाग दिसतो. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार या दुसऱ्या भागात ठरतो. 'आकार चौदा केला तरी अक्षरं बाराचीच राहतात' याचं कारण पहिल्या भागात केलेला बदल.

टंकलेखनासाठी डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट थेट निवडता येतो. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर आयबस हे टंकलेखनाचं साधन आणि त्यासोबतचं एम-१७-एन हे पॅकेज बसवा, लॉगआउट करून परत या आणि मग इनपुटच्या यादीत मराठीचे पर्याय पाहा. डेस्कटॉप केडीई असेल तर फिसिटिक्स-५ हे तसंच दुसरं साधन अधिक सुरळीत चालतं. पद्धत निवडताना 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द टाइप करून पाहा. हा अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही. एकच पद्धत धरून ठेवा.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतला मजकूर लिनक्सवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो फॉन्ट यंत्रात टाकून मजकूर वाचता येईल, पण शोध लागणार नाही. वेळ काढून असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालावा. रफार आणि पहिली वेलांटी इथे चुका हमखास राहतात.

ब्राउझर, मेल आणि व्हिडिओ

ब्राउझरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फायरफॉक्स बहुतेक डिस्ट्रोंत असतोच. पैसे भरून पाहायच्या व्हिडिओ सेवा चालत नसतील तर त्याच्या सेटिंगमध्ये 'डीआरएम-नियंत्रित मजकूर चालवा' वर खूण करा. क्रोमियममध्ये तो भाग सोबत येत नाही. व्हिडिओ बैठकीत स्क्रीन दाखवताना काळी चौकट दिसली, तर कारण बहुधा वेलँड, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था, हे असतं. वेलँडमध्ये कुठल्याही सॉफ्टवेअरला परस्पर पडदा वाचता येत नाही, पाइपवायर आणि 'डेस्कटॉप पोर्टल' यांच्यामार्फत विचारावं लागतं. आपल्या डेस्कटॉपचं पोर्टल पॅकेज बसलेलं आहे का ते पाहा: नोमचं वेगळं, केडीईचं वेगळं. स्क्रीनशॉटच्या जुन्या साधनांनाही हाच अडथळा येतो, म्हणून तिथे डेस्कटॉपसोबत आलेलंच साधन वापरणं बरं.

मेलसाठी थंडरबर्ड. खातं जोडताना आयमॅप निवडा, पॉप नको. पॉपमध्ये सेटिंग चुकलं तर पत्रं सर्व्हरवरून उतरवून घेतली जातात आणि दुसऱ्या उपकरणावर दिसेनाशी होतात. आयमॅपचं पोर्ट ९९३, पाठवण्याचं ४६५ किंवा ५८७. पासवर्ड बरोबर असूनही नकार येत असेल, तर प्रमाणीकरणाच्या रकान्यात 'ओऑथ-२' निवडून बघा. पुष्कळ मोठ्या मेलसेवा आता नुसता पासवर्ड स्वीकारत नाहीत. हजारो पत्रं काढून टाकली तरी डिस्क मोकळी होत नाही, कारण थंडरबर्ड पत्र फक्त 'खोडलेलं' म्हणून नोंदवतं. फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'कॉम्पॅक्ट' केलं की जागा सुटते. कार्यालयाची मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजवर असेल आणि कॅलेंडर, संपर्क, सगळंच हवं असेल, तर इव्होल्यूशन आणि त्याचं ईडब्ल्यूएस जोडपॅकेज आधी तपासा.

व्हिडिओ चालत नाही, फक्त आवाज येतो, ही तक्रार फेडोरा आणि ओपनसुसेवर जास्त. या डिस्ट्रो पेटंटच्या कारणाने काही कोडेक (व्हिडिओ उलगडणारे भाग) सोबत देत नाहीत. फेडोरावर आरपीएम फ्यूजन आणि ओपनसुसेवर पॅकमन ही रिपॉझिटरी जोडा. उबंटू बसवताना बाहेरच्या सॉफ्टवेअरची खूण लावायची राहिली असेल तर 'उबंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' हे पॅकेज घ्या. प्लेअर म्हणून व्हीएलसी पुरेसा. जुन्या यंत्रावर एमपीव्ही हलका पडतो.

पीडीएफ, छपाई, स्कॅन

नुसतं वाचायला डेस्कटॉपसोबत आलेलं साधन चालतं. शेरे लिहायचे, फॉर्म भरायचे, डिजिटल सही करायची असेल तर ऑक्युलर घ्या. नोम वापरत असाल तरी घ्या. केडीईच्या काही लायब्ररी जास्तीच्या उतरतील इतकंच. पीडीएफवर हाताने लिहायला झूर्नल++, पानं मागेपुढे करायला किंवा दोन फायली जोडायला पीडीएफ अरेंजर.

एखादा फॉर्म उघडल्यावर फॉर्मऐवजी 'कृपया थांबा' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं, तर तो एक्सएफए प्रकारचा आहे. ऑक्युलरमध्ये धडपड करण्यापेक्षा तो फायरफॉक्समध्ये उघडा. २०२१ पासून त्यात असे फॉर्म भरता येतात. सगळेच नाही, पण बरेच.

प्रिंटर घेताना त्यावर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलेलं आहे का पाहा. असेल तर कप्स ही लिनक्सची छपाई-व्यवस्था त्याला ड्रायव्हरशिवाय ओळखते. स्कॅनसाठी 'डॉक्युमेंट स्कॅनर' हे साधं सॉफ्टवेअर उत्तम आहे. स्कॅनमधून मजकूर काढायचा असेल तर टेसरॅक्ट या साधनासोबत मराठीचं भाषापॅकेज वेगळं बसवावं लागतं, ते नसलं की देवनागरीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं मिळतात. स्कॅन ३०० डीपीआयला करा. १५० ला मात्रा आणि अनुस्वार हरवतात.

चित्रं आणि पानांची मांडणी

फोटो कापणं, फिरवणं, उजळ करणं यांसाठी गिंप उघडू नका, ग्वेनव्ह्यू किंवा जीथंब पुरतं. खरं संपादन असेल तर गिंप. २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत परिणाम मूळ चित्राला धक्का न लावता चढवता आणि नंतर बदलता येतात. जुनी आवृत्ती मिळत असेल तर फ्लॅटहबवरून नवी घ्या. 'सेव्ह केलं तर जेपेग होत नाही' ही नेहमीची शंका: गिंपमध्ये सेव्ह म्हणजे स्वतःचा एक्ससीएफ फॉरमॅट, जेपेगसाठी एक्सपोर्ट. रेखाटनाला क्रिता, लोगो आणि आकृत्यांना इंकस्केप. छापखान्याला द्यायच्या मासिकासाठी, पुस्तिकेसाठी स्क्रायबस, पण देवनागरी असेल तर १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती. त्याआधीच्या १.४ मध्ये जोडाक्षरं तुटतात.

पासवर्ड आणि बॅकअप

कीपासएक्ससी सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाईलमध्ये ठेवतं, आणि ती फाईल इतर सिस्टमवर, फोनवरही उघडते. ते आणि ब्राउझर, दोन्ही रिपॉझिटरीतून घेतलेले असतील तर एकमेकांना सहज सापडतात. एक कुंपणात आणि दुसरा बाहेर असला की जोडणी बहुधा जुळत नाही.

बॅकअपमध्ये एक गैरसमज महागात पडतो. टाइमशिफ्ट हे सिस्टमच्या फायलींसाठी आहे, आणि तुमचं होम फोल्डर त्यात आपणहून येत नाही. अपडेट बिघडलं तर ते तारतं, कागदपत्रं गेली तर नाही. त्यांच्यासाठी देजा डुप किंवा पिका बॅकअप लावा, वेगळ्या डिस्कवर, आणि दर आठवड्याला चालेल असं वेळापत्रक देऊन. फ्लॅटपॅकचं ते लपलेलं फोल्डर वगळलं जात नाही ना, हेही पाहून ठेवा.

विंडोजचं विभाजन त्याच यंत्रावर असेल आणि लिनक्सवरून त्यात लिहिता येत नसेल, तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्स त्या विभाजनाला हात लावायचं टाळतं. बाहेरच्या डिस्कवर फायलींच्या नावात विसर्गासारखं दिसणारं ते इंग्रजी अपूर्णविरामाचं चिन्ह किंवा प्रश्नचिन्ह वापरू नका. लिनक्सला ते चालतं, विंडोजला नाही.

पर्यायच नसेल तेव्हा

काही सॉफ्टवेअरला खरोखर पर्याय नसतो, आणि ते मान्य करणं प्रामाणिकपणाचं आहे. छोटं, जुनं विंडोज सॉफ्टवेअर असेल तर वाइन (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं साधन) वापरून बघा. बॉटल्स हे साधन प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी वेगळा कप्पा करतं, त्यामुळे एकाच्या सेटिंगने दुसरं बिघडत नाही. अर्धा दिवस प्रयत्न करूनही चालत नसेल तर थांबा आणि व्हर्च्युअल मशीन करा. नोम बॉक्सेस सोपं, व्हर्ट-मॅनेजर अधिक ताबा देणारं. यंत्रात १६ जीबी मेमरी असेल तर ८ जीबी आतल्या विंडोजला द्या. एकूणच ८ असेल तर दोन्ही बाजू रखडतील. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, व्हर्च्युअल टीपीएम जोडायला विसरू नका. यूएसबी डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर असेल तर विकत घेतलेला परवाना व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो का, हे आधी विक्रेत्याला लेखी विचारा.

अनोळखी नाव समोर आलं तर

कोणी नवं सॉफ्टवेअर सुचवलं की त्याच्या प्रकल्पाच्या पानावर तीन गोष्टी बघा: शेवटची आवृत्ती कधी आली, गेल्या सहा महिन्यांत किती जणांनी कोडमध्ये भर घातली, आणि तक्रारींना उत्तरं मिळतात का. एकटा माणूस चालवत असलेला प्रकल्प वाईट नसतो, पण त्यावर दहा वर्षांच्या नोंदी सोपवताना फॉरमॅट बाहेर काढता येतो ना, हे बघितलंच पाहिजे. मोठं नावही पुरेसं नाही: अ‍ॅटम हा लोकप्रिय संपादक डिसेंबर २०२२ मध्ये बंद करण्यात आला. ज्यांच्या फायली साध्या मजकुराच्या होत्या त्यांनी त्या दुसऱ्या संपादकात उघडल्या आणि काम पुढे चालू ठेवलं.

नोंदवहीचं सॉफ्टवेअर निवडताना हे खास लागू पडतं. जॉप्लिनमधल्या नोंदी मार्कडाउन या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढता येतात. दुसरं कुठलं घेतलं तर पहिल्याच दिवशी दहा नोंदी लिहा, 'एक्सपोर्ट' करा आणि ती फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. वाचता आल्या आणि चित्रंही सोबत आली तरच अकरावी नोंद लिहा.